झपाट्याने उतरतोय

निपाणीत कुणाच्या घरी इंग्रजी तार आली, की ती घरात वाचली जात नसे. घरातले कोणीतरी ती हातात तशीच धरून तंबाखूच्या वखारीकडे निघे. वखारीच्या पुढच्या सोप्यात खिडकीला लागून एक मेज होते आणि त्या मेजाशी भावकू सांबरेकर बसत. ते कुठल्याही शाळेत शिकवत नव्हते, पण गाव त्यांना तारमास्तर म्हणे. मी १९२१ साली वखारीत पत्रव्यवहाराच्या कामावर लागलो आणि त्यांच्या शेजारचे मेज मला मिळाले. तेव्हापासून त्यांचे वाचणे रोज माझ्या कानावर पडत आले.

मास्तर तार घेत, घडी मोडत, एकदा वाचत आणि पालथी करून मेजावर ठेवत. मग प्रश्न सुरू होत.

"तार कुठून आली?"

"त्यातच आसंल की, मास्तर. वाचा."

"त्यात आहे ते मी वाचीन. त्यात नाही ते तुम्ही सांगा. केली कुणी? याआधी पत्र कधी आलं होतं? तुम्ही काय कळवलं होतं?"

माणसे चिडत. तार आल्यावर कुणाच्या अंगात धीर नसतो. "कोर्टात आलोय काय आमी?" असे म्हणणारेही होते. प्रश्न संपल्याशिवाय तार सुलटी होत नसे.

या चौकशीचा उपयोग कसा होई, ते मी मारुतीरावांच्या वेळी पाहिले. मारुतीराव म्हणजे वखारीत तोलाईवर असलेला धिप्पाड माणूस. एका सकाळी तो, त्याची बायको मालुबाई आणि पाठोपाठ निम्मी गल्ली रडत वखारीत शिरली. संकेश्वरहून तार आली होती. मारुतीरावांच्या पुतण्याने तीन इयत्ता इंग्रजी केले होते, त्याने ती घरीच वाचून टाकली होती. तारेत शब्द होते: "मामा वेल डोन्ट कम." पुतण्याने अर्थ सांगितला, मामा विहिरीत, येऊ नका.

"येऊ नका म्हंजी काय?" मालुबाई हुंदके देत म्हणाली. "माझा सख्खा मामा! पोलीस आलं आसतील म्हणूनच येऊ नका म्हणत्यात."

मास्तरांनी तार पालथी केली. "मामा आजारी होते ना?"

"व्हय. पंधरा दीस झालं, आंथरुणावर हाईत."

"कूस बदलता येत होती?"

"दोघांनी धरल्याबिगर न्हाय."

"मग विहिरीपर्यंत चालत गेले कसे?"

मास्तरांनी पुढे विचारले, "तुम्ही त्यांना काय कळवलं होतं?"

"बुधवारी समदी निघतो म्हणून," मारुतीराव म्हणाला.

"आज मंगळवार. तुम्ही निघायच्या आत कळायला पाहिजे, म्हणून तार. वेल म्हणजे विहीर खरीच. पण माणसाच्या पुढं वेल आला की तो बरा. मामा बरे आहेत, येऊ नका."

मालुबाईने पदराने तोंड पुसले आणि पुतण्याकडे पाहिले. "मुडद्या, सकाळधरनं रडतोय आमी. चुलीवर दूध उतू गेलं."

वखार हसली. मास्तर हसले नाहीत. त्यांनी खणातून एक जाड वही काढली आणि काहीतरी लिहिले. त्या वहीत प्रत्येक पानाच्या मधोमध एक इंग्रजी शब्द असे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तो ज्या शब्दांच्या सोबतीने आला होता ते शब्द. खाली लहान अक्षरात, तार कुणी केली, कुठून आणि का. नुसत्या शब्दाचा अर्थ मात्र त्यांनी कुठल्याही पानावर लिहिलेला नव्हता.

मास्तर मूळचे बेळगावजवळच्या सांबऱ्याचे. घरी शेती, थोरला भाऊ ती बघे. हे बेळगावात राहून मॅट्रिकपर्यंत शिकले आणि इंग्रजीतच नापास झाले. १९०९ साली निपाणीच्या वखारीत लागले. त्यांचे पुढचे सगळे इंग्रजी बाजाराच्या तारांवर झाले. मुंबईच्या अडत्यांच्या तारा येत, भाव चढा, भाव उतरता, थांबा, पाठवा. लग्न झाल्यावर दुसऱ्याच वर्षी प्लेगात बायको गेली. मूल नव्हते. पुन्हा लग्न केले नाही. वखारीपासून दोनशे पावलांवर एक खोली आणि पुढे ओटा, एवढे त्यांचे घर. स्वयंपाक स्वतः करत आणि एकच भांडे घासावे लागेल असा करत.

स्वतःची एकच गोष्ट ते हसून सांगत. नोकरीच्या पहिल्या वर्षी एक गोरा साहेब तंबाखू बघायला वखारीत आला होता. दुपारी जेवायला घरी जाताना मास्तर दारातून अदबीने म्हणाले, "आय अ‍ॅम कमिंग, सर." साहेब टोपी हातात घेऊन वाट बघत बसला. तासाने मास्तर आले, तेव्हा तो लाल झाला होता. "तू येतो म्हणालास आणि निघून गेलास!" मास्तर सांगत, "आपण निघताना येतो म्हणतो, कानडी माणूस निघताना बरतीनि म्हणतो, म्हणजे तेही येतोच. आपल्याकडं जातो म्हणून कोण जातं? त्याला कसं समजावं, ते मला अजून सुचलेलं नाही."

इतकी चौकशी ते का करत, हे मला पंचवीस वर्षे माहीत नव्हते. माझी समजूत अशी, की एकट्या माणसाला अशा सवयी लागतात. खरे कारण त्यांनी मला गेल्या वर्षी त्यांच्या ओट्यावर बसून एका रविवारी सांगितले. ते त्यांच्या क्रमानेच लिहितो.

१९१७ सालचा श्रावण. वखारीच्या मागच्या अंगणात पाने निवडायला बायका बसत. त्यांतली एक यशोदाबाई. नवरा लवकर वारलेला, एकुलता मुलगा परशराम मराठा पलटणीत. तो लढाईवर बसऱ्याला गेला होता आणि ताप घेऊन परत आला होता. पुण्याच्या लष्करी दवाखान्यात आहे, असे त्याचे कार्ड आले होते. यशोदाबाईने पुण्याला जायचे ठरवले. सोमवारी दोन वाजता कोल्हापूरला टांगा सुटणार होता, तिथून रात्रीची आगगाडी. टांग्यात जागा सांगितली होती, गाठोडे बांधून वखारीच्या भिंतीशी ठेवले होते आणि दोनपर्यंत हात रिकामा कशाला म्हणून ती पाने निवडत बसली होती.

त्या दिवशी बाजार कोसळत होता. सकाळपासून मुंबईच्या तीन तारा आल्या होत्या आणि तिन्हींत एकच शब्द होता, सिंकिंग. भाव उतरतोय. मास्तरांनी तिन्ही तारा मालकांना वाचून दाखवल्या होत्या. साडेबाराला टपालवाला शामू पुन्हा दारात ओरडला, "तार बंतु, मास्तर!" तार आली, ती चौथी. मास्तरांनी तीही बाजाराचीच म्हणून उघडली. घरात वाचणारे कोणी नाही, म्हणून परशरामने वखारीचा पत्ता देऊन ठेवला होता. पेन्सिलीने लिहिलेले शब्द होते:

"परशराम हाय फीवर सिंकिंग फास्ट इन्फॉर्म फॅमिली."

यशोदाबाईला कुणीतरी सांगितले. ती पानांनी काळे झालेले हात पदराला पुसत मेजासमोर येऊन उभी राहिली. "काय हाय, मास्तर?"

मास्तरांनी वाचले. हाय म्हणजे चढा. सिंकिंग म्हणजे उतरतोय. फास्ट म्हणजे झपाट्याने.

"आक्का, चढा ताप होता. झपाट्यानं उतरतोय. घरच्यांना कळवा म्हणालेत."

"उतरतोय?"

"झपाट्यानं."

"आनी एकदा म्हणा."

मास्तरांनी तिच्यासाठी तेच आणखी दोनदा म्हटले. ती तिथेच खाली बसली आणि हसू लागली. मागून तिच्या जोडीने पाने निवडणारी दुर्गाबाई आली. "आगं, मग आता कशाला मरतीस येवढ्या लांब? ताप उतरल्यावर पोरगं आपल्या पायानं यील घरला."

"तसंच वाटतंय गं मला बी."

तिने टांगेवाल्याला नको म्हणून सांगितले. गाठोडे सोडले. त्यात मुलासाठी घेतलेला गूळ होता, तो तिने फोडून सगळ्या वखारीला वाटला. पहिला खडा मास्तरांच्या हातावर ठेवला.

नवव्या दिवशी दवाखान्याचे टाइप केलेले पत्र आले. परशराम बुधवारी संध्याकाळी वारला होता. पत्रात एक वाक्य होते, त्यात तेच क्रियापद पुन्हा आले होते, पण त्याच्या आधी 'ही' होता. ही सँक. तो खचत गेला. ताप नव्हे, तो. मास्तर म्हणाले, "ते 'ही' बघितलं आणि मला तार आठवली. तारेतसुद्धा पहिला शब्द परशराम होता. मी त्याच्याकडं बघितलंच नाही. मी सिंकिंगकडं बघितलं आणि मला बाजार दिसला."

सोमवारी दोनचा टांगा घेतला असता, तर यशोदाबाई मंगळवारी दुपारी मुलाजवळ असती. तो बुधवारी संध्याकाळपर्यंत होता.

"आक्का, परशराम गेला," मास्तरांनी तिला सांगितले. अंगणातल्या बायका गोळा झाल्या होत्या, मालक दारात उभे होते. यशोदाबाई रडली नाही. तिने विचारले, "आवो, पर ताप तर उतरला हुता?"

त्याच वेळी सांगता आले असते. मास्तरांनी तोंड उघडले आणि तोंडातून दोन शब्द आले.

"परत चढला."

पुढच्या श्रावणात त्याच तिथीला दुपारी यशोदाबाई त्यांच्या ओट्यावर आली. रिकामा झालेला कुंकवाचा करंडा तिने उघडला. आत तारेच्या कागदाची बारीक घडी होती. सोबत पानात गुंडाळलेला गुळाचा खडा.

"तेवढं वाचून दावा, मास्तर."

"कशाला, आक्का?"

"पोरगं गेलं त्याचा दीस भटजी सांगत्यात. पर त्येचा ताप उतरत हुता त्यो दीस मला माझा धरायचा हाय. वाचा."

मास्तरांनी वाचले. "चढा ताप. झपाट्यानं उतरतोय. घरच्यांना कळवा." तिने डोळे मिटून ऐकले, कागद घडी करून करंड्यात ठेवला, गुळाचा खडा त्यांच्या हातावर ठेवला आणि ते खाईपर्यंत थांबली. मग "येते" म्हणाली आणि गेली.

असे दर श्रावणात. सव्वीस वर्षे. मास्तर मला म्हणाले, "मी घरात गूळ आणत नाही. पण तिच्यासमोर खावा लागे." त्या दिवशी ते वखारीतून दुपारीच घरी जात, ओटा झाडून घेत, दोन पाट मांडत, तांब्याभर पाणी ठेवत. वर्षभरात त्यांच्या घरी दुसरा पाट मांडला जाई तो तेवढाच. आम्हाला वाटे, त्यांच्या घरी कसलेतरी व्रत आहे. यशोदाबाईशिवाय त्यांच्या ओट्यावर आपणहून कोणी येत नव्हते, आणि ती येई ती अशी.

हळूहळू कागदावरची पेन्सिल उडत गेली. तिसाव्या सालच्या सुमारास निम्मे शब्द दिसत नव्हते. पुढे पुढे नुसता पिवळा कागद राहिला. मास्तर तो हातात धरून पाठ म्हणत. ती तार आता जगात कुणालाही वाचता येणार नव्हती. फक्त त्यांना येत होती, आणि ते ती चुकीची वाचत होते.

१९४४ च्या आषाढात अक्काताई नावाची एक तरुण बाई तार घेऊन वखारीत आली. तीही मागच्या अंगणात पाने निवडे. नवरा जोतिराम खडकीला कारखान्यात कामाला होता. तार पुण्याच्या दवाखान्यातली होती आणि बरोबर तिचा मॅट्रिक झालेला दीर होता. त्याने अर्थ आधीच लावला होता. शब्द होते, "जोतिराम व्हेरी लो आस्किंग वाइफ."

"काय न्हाय, मास्तर," दीर म्हणाला. "आण्णा जरा उदास हाय आनी वैनीला विचारतोय."

"काय विचारतोय?" मास्तरांनी विचारले.

दीर गोंधळला. "ते लिवलेलं न्हाय."

अक्काताईला वाटले, नवरा घरचे काही विचारत असेल. "पत्र टाकतो की उद्या. काय हवं नको ते लिवू."

मास्तरांनी तार पालथी केली. "शेवटचं पत्र कधी आलं?"

"पाच दीस झालं. प्वाटाचं आप्रेशन करायचं हाय म्हणून लिवलं हुतं."

"तार जोतिरामानं केली का?"

"न्हाय. खाली नाव दुसऱ्याचंच हाय," दीर म्हणाला.

मास्तर उठून उभे राहिले. त्यांना असे उभे राहिलेले मी कधी पाहिले नव्हते. "अक्काताई, उदास माणसासाठी दवाखाना तार करत नाही. लो म्हणजे खालावलाय. पैसे वाचावेत म्हणून तारेत मधला 'फॉर' गाळतात. तो बायकोला काही विचारत नाही, बायको कुठाय म्हणून विचारतोय. दवाखान्यातनं चांगली बातमी तारेनं येत नसते. चांगली बातमी कार्डानं येते. आत्ताची मोटार गाठ. घरी जाऊ नको. लुगडं बदलायलासुद्धा जाऊ नको."

ती तशीच गेली. तिसऱ्या दिवशी जोतिरामने डोळे उघडले तेव्हा ती समोर होती. महिन्याने त्याला घेऊन ती निपाणीला आली आणि पुन्हा पाने निवडायला बसली. अंगणात तिने ती गोष्ट किती वेळा सांगितली, याची मोजदाद नाही. "तारमास्तर नसतं तर मी घरात पत्र लिवत बसलो आसतो की गं! दवाखान्यातनं चांगली बातमी तारेनं येत न्हाय म्हणालं. उभं ऱ्हाऊन म्हणालं!"

यशोदाबाई तेव्हा सत्तरीच्या घरात होती. तिला दिसत कमी होते, पण बोटांना पाने कळत, म्हणून मालकांनी तिला ठेवले होते. ती अक्काताईपासून चार हातांवर बसे.

त्या वर्षीची तिथी आली. मास्तरांनी ओटा झाडला, पाट मांडले, पाणी ठेवले. यशोदाबाई काठी टेकत आली आणि पाटावर बसली. करंडा काढला. गूळ काढला नाही. मास्तर म्हणाले, "गूळ नाही हे बघितलं आणि मला कळलं."

त्यांनी कागदासाठी हात पुढे केला. तिने कागद दिला नाही.

"मास्तर, त्या अक्कीला तुमी काय म्हणालासा?"

"काय म्हणालो?"

"दवाखान्यातनं चांगली बातमी तारेनं येत न्हाय म्हणालासा. व्हय?"

"होय."

"मग माज्या परशाची चांगली बातमी तारेनं कशी आली वो?"

रस्त्यावरून एक बैलगाडी गेली.

मास्तरांना अजूनही काही सांगता आले असते. त्या काळी दवाखान्यांची पद्धत वेगळी होती, लढाईचे दिवस होते, असे काहीही. कागद कोरा होता. म्हातारीला ते पटलेही असते, कारण तिला पटवून घ्यायचे होते. पण सव्वीस वर्षे ते गावाला सांगत आले होते, की तार का केली ते आधी विचारा. तेच तिने विचारले होते. तिला एक अक्षर येत नव्हते.

"द्या तो कागद," ते म्हणाले. "मी खरं वाचतो."

तिने दिला. त्यांनी तो मांडीवर ठेवला. त्याच्याकडे बघायची गरज नव्हती.

"परशराम. जोराचा ताप आहे. झपाट्यानं खचत चाललाय. घरच्यांना कळवा."

"खचत."

"होय, आक्का. ताप उतरत नव्हता. परशराम चालला होता. मी चुकीचं वाचलं. त्या दिवशी सकाळपासनं बाजाराच्या तारा वाचत होतो. तोच शब्द होता."

"कुठला शबुद?"

"सिंकिंग."

तिने तो शब्द तोंडात धरून बघितला. "शिंकिंग." मग विचारले, "या म्हणून लिवलं न्हवतं?"

"नव्हतं. घरच्यांना कळवा म्हटलं की 'या' समजून घ्यायचं असतं."

"तुमाला कवा कळालं?"

"नवव्या दिवशी. पत्र आलं तेव्हा."

"तवाच?"

"तेव्हाच."

तिने रिकामा करंडा मिटला. मग म्हणाली, "दोनचा टांगा हुता. गाठुडं बांधल्यालं हुतं." हे तिने मास्तरांना सांगितले नाही, नुसते म्हटले. पुढे म्हणाली, "दोन दीस त्यो दाराकडं बघत आसंल. आनी मी हितं गूळ वाटला."

मास्तर म्हणाले, "मी तिच्या पाया पडायला वाकलो. तिनं पाय मागं घेतले. रागानं घेतले का मास्तरानं पाया पडू नये म्हणून घेतले, कुणास ठाऊक."

ती पाणी प्यायली नाही. काठी घेतली, उठली, ओट्याच्या दोन पायऱ्या चाचपत उतरली. खाली उभी राहून मागे न बघता नेहमीचा शब्द म्हणाली.

"येते."

आणि गेली. करंडा तिच्या हातात होता. कागद मास्तरांच्या मांडीवरच राहिला होता. आधी त्यांना वाटले, विसरली. हाक मारायला ते उठले. पण सव्वीस वर्षांत ती तो एकदाही विसरली नव्हती.

त्यानंतर यशोदाबाई दीड वर्ष वखारीत येत होती. मास्तरांचे मेज ओलांडूनच मागच्या अंगणात जावे लागे. जाताना ती विचारी, "बरं हाय न्हवं, मास्तर?" ते म्हणत, "बरं आहे, आक्का." अंगणात तिने कुणालाही काही सांगितले नाही. अक्काताईची गोष्ट चालू असे, आणि तारमास्तरांचे नाव निघाले की तीही मान हलवी. पुढच्या श्रावणात ती त्यांच्या ओट्यावर आली नाही. त्या दिवशी मास्तर दुपारी घरी गेले, ओटा झाडला, पाट मांडले आणि दिवेलागणीपर्यंत बसले. संध्याकाळी ती काठी टेकत समोरच्या रस्त्याने घरी गेली. ओट्यापाशी थांबली नाही. नंतर डोळे अगदीच गेले, तेव्हा तिने वखारीत येणे बंद केले. आता ती भाचीकडे, गल्लीच्या दुसऱ्या टोकाला असते.

मास्तर १९४६ साली नोकरीतून मोकळे झाले. सांबऱ्याहून पुतण्या मष्णू बैलगाडी घेऊन न्यायला आला. घरी माणसे होती, चार पोरे होती, जेवायला वाढणारे हात होते. मास्तरांनी ट्रंक भरली, वही वर ठेवली आणि मग म्हणाले, "श्रावण होऊ दे, मग येतो." मष्णू दोन दिवस राहून, रागावून परत गेला. श्रावण झाला. दसऱ्याला तो पुन्हा आला. मास्तर म्हणाले, "एवढा पुढचा श्रावण बघतो."

त्या रविवारी त्यांनी मला सगळे सांगितले, तेव्हा मी त्यांना स्पष्टच म्हणालो, "मास्तर, तिनं कागद इथंच ठेवला. तुमच्याच पद्धतीनं बघा. शब्दाच्या शेजारी काय आहे ते बघा. ती आता येणार नाही."

त्यांनी वही उघडली. शेवटच्या लिहिलेल्या पानावर तो पिवळा कोरा कागद चिकटवलेला होता. पानाच्या मधोमध त्यांनी पहिल्यांदाच मराठी शब्द लिहिला होता. येते. त्याच्या दोन्ही बाजूंना काहीही लिहिलेले नव्हते.

"बघितलंय मी," ते म्हणाले. "सगळं बघितलंय. पण येते म्हणाली होती."

यंदाचा श्रावण परवा सुरू झाला. काल वखारीतून घरी जाताना मी त्यांच्या खोलीवरून गेलो. ते ओटा सारवत होते.